थांग कुणाचा?

काही महिन्यांपूर्वी पाटस येथे एका महिला मंडळापुढे मराठी चित्रपटांतील गृहिणीविषयी बोलण्याचा प्रसंग मला आला. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे हे गाव. बारामतीचा रस्ता येथेच फुटतो, आणि आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी येथून पुढे रोटीचा घाट चढते. व्याख्यानाच्या ओघात अमोल पालेकर यांच्या ‘थांग’ या चित्रपटाची कथा मी थोडक्यात सांगितली. सुखाने संसार करणाऱ्या एका सुशिक्षित स्त्रीला आपल्या पतीचे त्याच्या मित्राशी असलेले नाते निव्वळ मैत्रीचे नाही हे कळते, अशी ती कथा. ती ऐकून सभेत थोडी कुजबुज झाली, मग शांतता पसरली. आभारप्रदर्शन उरकून चहा चालू असता साठीच्या पुढच्या एक बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, “सर, त्या नवऱ्याचं काय ते कळलं. पण त्या बाईचं पुढं काय झालं हो? माहेरी गेली का ती?” मी उत्तर जुळवीत होतो, तोच त्यांच्या शेजारची तरुण स्त्री हळूच म्हणाली, “माहेरी जाऊन सांगायचं काय, मावशी?”

साहित्याचा अध्यापक म्हणून आजवर अनेक प्रश्नांना मी तोंड दिले आहे; पण या दोन प्रश्नांनी माझी जितकी अडचण केली तितकी क्वचितच कुणी केली असेल. परतीच्या वाटेवर मी मनाशी चाचपून पाहिले, आणि माझ्या ध्यानी आले की पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्या साहित्यात फारसे कुठे नाही, आणि त्याचे कारण त्या दुसऱ्या प्रश्नात दडलेले आहे. प्रस्तुत लेख हा त्या विचाराचाच विस्तार होय.

प्रथम ‘थांग’विषयी. हा चित्रपट २००६ सालचा. तो मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघाला. ‘क्वेस्ट’ या नावाच्या इंग्रजी आवृत्तीस त्या वर्षीचा उत्कृष्ट इंग्रजी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पटकथा संध्या गोखले यांची. सईची भूमिका मृणाल देव-कुलकर्णी यांनी केली असून आदित्य हा तिचा पती आहे. ‘दायरा’ (१९९६) आणि ‘अनाहत’ (२००३) या चित्रपटांतून स्त्री-पुरुषांच्या कामजीवनाचा जो शोध पालेकर यांनी आरंभिला होता, त्याचा हा तिसरा टप्पा. याच दिग्दर्शकाने २००१ साली ‘ध्यासपर्व’मध्ये र. धों. कर्वे यांचे चरित्र पडद्यावर आणले होते, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले आणि ज्या प्रश्नांचा घराघरांत उच्चारही होत नसे त्यांची उत्तरे छापली. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना दिलेल्या अशाच उत्तरांबद्दल १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला, आणि त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. तेव्हा ‘थांग’ ही काही परदेशातून उसनी आणलेली कल्पना नव्हे. मराठी विचारातील एका जुन्या, धीट आणि उपेक्षित धाग्याशी तिचे नाते आहे.

या चित्रपटाचा मोठा गुण असा की त्याने कथेचे केंद्र पत्नीकडे ठेवले आणि तरीही पतीस खलपुरुष केले नाही. हे दोन्ही एकाच वेळी साधणे किती कठीण असते, हे ज्याने या विषयावर चार ओळी लिहून पाहिल्या असतील त्यालाच कळेल. शिवाय २००६ साली भारतीय दंडविधानाचे ३७७ वे कलम जिवंत होते. आदित्यसारखा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार होता, आणि त्याची पत्नी एका गुन्ह्याची साक्षीदार. अशा काळात हा विषय दिवाणखान्यात आणून बसविणे हेच धाडस होते.

परंतु चित्रपटाचा सारा ताण सत्य कळण्यात आणि त्या सत्याला सामोरे जाण्यात आहे. ‘थांग’ या नावाचा साधा अर्थ खोलीचा अंदाज. येथे थांग कुणाचा घ्यायचा? पहिल्याने तो पतीच्या मनाचा, हे उघड आहे. ज्याच्या शेजारी इतकी वर्षे झोपलो, तो मनुष्य कोण होता? हा प्रश्न नाट्यपूर्ण आहे; त्यात धक्का आहे, शोध आहे, उलगडा आहे. पण त्या स्त्रीच्या आयुष्यात हा उलगडा म्हणजे आरंभ होय. त्यानंतरचे काम संथ, एकसुरी आणि नाट्यशून्य असते. महिनामहिना झोप लागत नाही. लग्नाचे छायाचित्र भिंतीवर ठेवायचे की काढायचे याचा निर्णय होत नाही. आपल्याला पूर्वी काय आवडत असे हेच आठवत नाही. पाटसच्या त्या बाईंना जे विचारायचे होते ते हे.

आता आमच्या इतर साहित्याकडे पाहू. विजय तेंडुलकर यांनी १९८१ साली ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आणली. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीची ती शोकांतिका. ती आपण तिच्या मित्राच्या, बापूच्या, तोंडून ऐकतो. चेतन दातार यांच्या ‘एक माधवबाग’मध्ये मुलाची ओढ कळल्यावर आईच्या मनाची जी उलथापालथ होते तिला वाचा मिळाली. पुण्यात २००२ साली ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन करणारे बिंदुमाधव खिरे यांनी ‘पार्टनर’ या कादंबरीत अशा तरुणाची घुसमट त्याच्याच बाजूने सांगितली. अर्थात मित्र बोलला, आई बोलली, तो स्वतः बोलला. जिच्या गळ्यात त्याने मंगळसूत्र घातले ती मात्र या सभेत बहुधा मागल्या रांगेत बसलेली आहे.

एका पुस्तकाने तिच्या बरेच जवळ पाऊल टाकले आहे. योगायोग असा की तेही २००६ सालचेच. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ या कादंबरीत तनय आणि अनुजा ही भावंडे घरी राहावयास आलेल्या एकाच तरुणावर प्रेम करतात. पूर्वार्ध तनयचा, उत्तरार्ध अनुजाचा. तो तरुण नाहीसा झाल्यावर परत आलेल्या अनुजाचे मोडलेले मन हळूहळू कसे सांधत जाते, याचे चित्रण त्या उत्तरार्धात आहे. आणि सावरणे ही क्रिया कथेचा विषय होऊ शकते, हे मराठीत या निमित्ताने सिद्ध झाले. तथापि अनुजा पत्नी नव्हे. तिच्यामागे सासर नाही, कुंकू नाही, दहा-वीस वर्षांचा संसार नाही. तिला गमवावे लागले ते भविष्य. सईसारखीला भविष्याबरोबर भूतकाळही गमवावा लागतो.

या वाक्यात माझ्या म्हणण्याचे सार आहे, म्हणून ते थोडे उलगडून सांगतो. पतीच्या मृत्यूने स्त्रीचे पुढील आयुष्य हिरावले जाते, परंतु मागले तिच्याजवळ राहते. किंबहुना त्याच आठवणींवर ती पुढचे दिवस काढते. पती दुसऱ्या स्त्रीकडे गेला तर ती म्हणू शकते, अमुक वर्षापर्यंत तो माझा होता. आपली खरी ओढ लपवून संसार करणाऱ्या पुरुषाच्या पत्नीला ही रेघ कुठे ओढावी हेच समजत नाही. लग्नानंतरचा पहिला प्रवास, पहिल्या मुलाचा जन्म, एकत्र पाहिलेली नाटके, दिवाळीच्या पहाटा, या साऱ्यांवर एकाच क्षणी संशयाची छाया पडते. तो तेव्हा हसला ते खरे होते काय? ज्या रात्री तो पाठ फिरवून झोपला त्या रात्री मी स्वतःलाच दोष दिला. ती माझी चूक नव्हती तर मग इतकी वर्षे मी कोणती शिक्षा भोगीत होते? आपल्या रूपात, आपल्या देहात, आपल्या स्वभावात काहीतरी उणे आहे, ही समजूत तिने वर्षानुवर्षे मनाशी बाळगलेली असते. सत्य कळल्यावर ती समजूत खोटी ठरते, हे खरे. पण अंगवळणी पडलेला अपमान एका दिवसात उतरत नाही.

त्याहून बिकट गोष्ट पुढेच आहे. जे गुपित आजवर त्याचे होते ते आता तिचे होते. मुलांना सांगावे काय? सासूसासऱ्यांना? शेजारणीला? ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असे आमची भाषा शिकविते, आणि ती झाकलेली मूठ आता तिच्या हाती येते. बंद खोलीत पूर्वी तो एकटा राहत होता. आता तो कदाचित बाहेर येईल आणि ती आत राहील. शिवाय जी तपासणी कुणालाही सांगता येत नाही ती रक्ताची तपासणी करून घेण्यास तिला एकटीनेच दवाखान्याची पायरी चढावी लागते. या एका प्रसंगात कादंबरीचे एक प्रकरण आहे, पण ते मराठीत कुणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

आणि येथे पाटसच्या त्या तरुण स्त्रीचा प्रश्न आठवतो : माहेरी जाऊन सांगायचे काय? आमच्या भाषेत स्त्रीच्या दुःखांना नावांची वाण नाही. पती वारला तर ती विधवा, त्याने घराबाहेर काढले तर परित्यक्ता, दुसरी आणली तर त्या दुसरीला सवत हा शब्द आहे, आणि मूल झाले नाही तर त्यासाठीही एक निष्ठुर शब्द सज्ज आहे. ही नावे क्रूर असली तरी त्यांचा एक उपयोग असतो. नाव असले की ते दुःख ओळखता येते, त्यावर दुसरीला रडता येते. पुणे जिल्ह्यापासून साऱ्या महाराष्ट्रभर हिंडून हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. त्यांतून मला जेवढ्या वाचावयास मिळाल्या त्यांत सासुरवास आहे, सवत आहे, सीतेचा वनवास आहे, भावाची वाट पाहणे आहे. पतीची ओढ मुळातच स्त्रीकडे नव्हती, या दुःखाला मात्र मला तेथे शब्द सापडला नाही. ते दुःख तेव्हा नव्हते असे कोण म्हणेल? पिढ्यानुपिढ्या ते जात्याच्या घरघरीखाली दडपले गेले असावे, एवढेच.

जेथे शब्द नसतो तेथे समाज आपल्या जवळचा जुना शब्द पुढे करतो, आणि या बाबतीत तो शब्द ‘क्षमा’ हा आहे. ‘पदरी पडले आणि पवित्र झाले’ हे वचन आमच्या कानांत इतके मुरलेले आहे की सोशिक पत्नी दिसली की आम्ही वाचकही सुखावतो. नव्या काळात या सोशिकपणाला एक नवे, सुसंस्कृत रूप आले आहे. पूर्वी तिने निमूट सहन करावे अशी अपेक्षा होती. आता तिने समजून घ्यावे अशी अपेक्षा असते. तो बिचारा समाजाच्या धाकाने लपून राहिला, त्याचेही दुःख ओळख, असे तिला सांगितले जाते. हे सांगणे असत्य नाही, आणि म्हणूनच ते अधिक जड आहे. ज्या बाईचे घर नुकतेच कोसळले आहे तिला त्या घराच्या दुसऱ्या रहिवाशाची विचारपूस आधी करावयास लावणे, हा न्याय नव्हे. ‘थांग’सारख्या सहृदय कलाकृतीची जातही या धोक्यापासून पूर्णपणे मुक्त नसते. सुशिक्षित, विचारी नायिका निवडली की तिच्या समंजसपणाची अपेक्षा आपोआपच वाढते, आणि प्रेक्षक तिच्या सावरण्याचे माप तिच्या क्षमेने घेऊ लागतो. मला म्हणावयाचे आहे ते असे की क्षमा आणि सावरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा न करताही स्त्री सावरू शकते; आणि क्षमा करूनही ती आतून मोडलेली राहू शकते.

याचे एक उदाहरण इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात आहे. ऑस्कर वाइल्ड याचे नाव माहीत नाही असा इंग्रजीचा विद्यार्थी विरळा. त्याची पत्नी कॉन्स्टन्स हिच्याविषयी मात्र आमच्या वर्गांत एखादे वाक्यही क्वचितच उच्चारले जाते, आणि या अपराधात मीही सामील आहे. त्यांचा विवाह १८८४ साली झाला. दोन मुलगे झाले. ती स्वतः लिहिणारी होती. मुलांसाठी तिने कथा लिहिल्या, आणि स्त्रियांच्या सुटसुटीत पोशाखाचा पुरस्कार करणाऱ्या मंडळीच्या पत्रिकेचे संपादनही केले. १८९५ साली वाइल्डला पुरुषाशी संबंध ठेवल्याबद्दल दोन वर्षांची सक्तमजुरी झाली, आणि कॉन्स्टन्सला मुलांसह देश सोडून स्वतःचे व मुलांचे आडनाव बदलून ‘हॉलंड’ असे घ्यावे लागले. १८९६ मध्ये वाइल्डची आई वारली, तेव्हा ही बातमी त्याला परक्याच्या तोंडून कळू नये म्हणून प्रकृती बरी नसताना ती इटलीतील जिनोआहून रेडिंगच्या तुरुंगापर्यंत गेली. याहून मोठी क्षमा ती कोणती? पण तिला सावरावयास काळ मिळालाच नाही. १८९८ साली एका शस्त्रक्रियेनंतर जिनोआ येथे तिचा अंत झाला. तिच्या थडग्यावर आरंभी वाइल्डचे नाव नव्हते. ‘ऑस्कर वाइल्डची पत्नी’ हे शब्द त्या दगडावर फार पुढे, १९६३ साली, कोरले गेले. जे नाव तिने मुलांच्या रक्षणासाठी टाकले होते तेच जगाने तिच्या माथी परत लिहिले. तिच्या क्षमेची गोष्ट सांगावयास चरित्रकारांना आवडते. तिच्या मनाचा थांग घ्यावयास पुरेसा कागद कुणी खर्चिला?

ज्या इंग्रज राज्याने वाइल्डला तुरुंगात घातले त्यानेच १८६० साली भारतीय दंडविधान रचून त्यात ३७७ वे कलम घातले. तेव्हा जिनोआतील त्या थडग्याचे आणि आमच्याकडील कित्येक मुक्या संसारांचे मूळ एकाच मातीत आहे. ते कलम दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली सैल केले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली पुन्हा आवळले, आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्दबातल केले. समलिंगी ओढ हा रोग नव्हे, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच मान्य केले होते. या निर्णयांचा लाभ केवळ त्या पुरुषांनाच झाला असे मानण्याचा प्रघात आहे. माझ्या मते त्याचा तितकाच मोठा लाभ ज्यांची लग्ने अद्याप व्हावयाची आहेत त्या मुलींचा आहे. ज्याला उघडपणे जगता येते त्याला आडोसा म्हणून एखाद्या मुलीचे आयुष्य लागत नाही.

परंतु कायद्याच्या धाकाने एकट्याने हे संसार घडविले नाहीत. त्यांत घरच्यांचाही हात असतो. मुलाचे लक्षण आईबापांना पुष्कळदा ठाऊक असते, निदान शंका असते. आणि ‘लग्न करून द्या, ताळ्यावर येईल’ हा उपाय योजला जातो. एका मुलाच्या औषधासाठी दुसऱ्याची मुलगी आणली जाते. हे सत्य भारतीय चित्रपटांत सर्वांत स्पष्टपणे मांडले ते ‘कादल : द कोर’ या २०२३ सालच्या मल्याळम चित्रपटाने. दिग्दर्शक जिओ बेबी; पती मॅथ्यूच्या भूमिकेत मम्मूटी आणि पत्नी ओमनाच्या भूमिकेत ज्योतिका. केरळातील एका गावात मॅथ्यू पंचायतीच्या पोटनिवडणुकीस उभा आहे, आणि नेमक्या त्याच वेळी वीस वर्षांच्या संसारानंतर ओमना घटस्फोटाचा अर्ज दाखल करते. मुलाची ओढ ठाऊक असूनही त्याला बोहल्यावर चढविणारा बाप त्या घरातच बसलेला आहे.

‘थांग’च्या शेजारी हा चित्रपट ठेवून पाहिला म्हणजे दोन फरक ठळकपणे दिसतात. पहिला असा की येथे रहस्यभेदाचा धक्का नाही. ओमनाला सारे पूर्वीच कळून चुकले आहे. चित्रपट सुरू होतो तो तिच्या निर्णयापासून. दुसरा असा की हे गाव आहे. महानगरातील सदनिकेचे दार लावून घेता येते. गावात दार लावले तरी बातमी खिडकीतून जाते. किराण्याच्या दुकानात, देवळाच्या पायरीवर, बसथांब्यावर तिला रोज त्याच चेहऱ्यांना तोंड द्यावयाचे आहे. पाटसच्या सभेतील त्या शांततेचा अर्थ मला या चित्रपटाने कळला. ओमनाचा अर्ज म्हणजे सूड नव्हे. स्वतःच्या वीस वर्षांविषयी स्वतःच्या तोंडाने खरे बोलण्याची तिला मिळालेली ती पहिली संधी आहे. तिच्या सावरण्याचा आरंभ तेथे आहे. पुढचे मात्र तेथेही आपणांस थोडेच दिसते, आणि अखेरीस प्रेक्षकाची सहानुभूती पुष्कळशी मॅथ्यूच्या अश्रूंकडे वळते. मोठ्या नटाचे सामर्थ्य कधी कधी कथेच्या न्यायाला जड जाते.

न्यायालयाचा विषय निघालाच आहे, तर कायद्यातील एका तरतुदीकडे मी साहित्यिकांचे लक्ष वेधू इच्छितो. हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे, दुसऱ्या पक्षाविषयीची एखादी महत्त्वाची गोष्ट लपवून फसवणुकीने संमती मिळविली असेल तर विवाह रद्द करून मागता येतो. पण फसवणूक उघडकीस आल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे, आणि ती कळल्यावर पत्नी स्वखुषीने पतीबरोबर नांदत राहिली तर तो मार्ग बंद होतो. मग घटस्फोटाचे इतर मार्ग उरतात. कायद्याला कुठेतरी मुदत घालावी लागते हे मी समजू शकतो. परंतु ते वर्ष कोणते, याचा विचार करा. ज्या वर्षी तिला जेवण जात नाही, ज्या वर्षी ती सकाळी एक ठरविते आणि संध्याकाळी दुसरे, ज्या वर्षी मुलाची दहावी आहे म्हणून ती तोंड मिटून घरात राहते, नेमके तेच वर्ष. कायद्याचे पंचांग आणि मनाचे पंचांग यांतील हे अंतर मोजणे वकिलाला जमणार नाही; ते काम कादंबरीकाराचे आहे.

मग या विषयावर जो कुणी उद्या लिहील त्याने काय लिहावे? लेखकाला विषय सुचविणे हे टीकाकाराचे काम नव्हे, याची मला जाणीव आहे. तथापि सावरणे म्हणजे काय, याविषयी आपली समजूत स्पष्ट असेल तर खोटे शेवट आपल्याला लवकर ओळखता येतील. दुसरे लग्न झाले आणि सारे सुखी झाले, हा एक खोटा शेवट. ती मोठ्या मनाने त्याच्या मित्राचा हात त्याच्या हाती देते, हा दुसरा. ती समाजकार्यात स्वतःला विसरते, हा तिसरा, आणि तो आम्हां मराठी लेखकांचा विशेष आवडता. या तिन्हींत तिच्या भूतकाळाचा प्रश्न सुटत नाही; तो फक्त दृष्टीआड होतो.

अमेरिकेत अ‍ॅमिटी पिअर्स बक्स्टन या विदुषीने, स्वतः याच अनुभवातून गेल्यावर, अशा अनेक पतिपत्नींच्या हकिकती गोळा करून १९९१ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि अशा जोडीदारांची एकमेकांस आधार देणारी संघटना उभी केली. त्यातील मर्म साधे आहे. हे माझ्या एकटीच्याच वाट्याला आले नाही, एवढे कळणे हाच पहिला आधार. जे दुःख सांगता येते ते सोसता येते. आणि ते सांगण्यासाठी सर्व गावाला गोळा करावे लागत नाही, विश्वासाचे एक माणूस पुरते. ती मैत्रीण असेल, बहीण असेल, एखादी समुपदेशक असेल. आमच्याकडे अशी किती माणसे आहेत, हा मुद्दा वेगळा. पण ज्या समाजात तसे माणूस मिळत नाही तेथे पुस्तकाने ते काम करावयाचे असते. साहित्याचा याहून मोठा उपयोग मला ठाऊक नाही.

यानंतरचे काम तिचे तिलाच करावे लागते, आणि त्याला आमच्या घरांत एक परिचित शब्द आहे : निवडणे. सुपात धान्य घेऊन बसलेली बाई सारेच दाणे फेकून देत नाही, आणि सारेच जात्यात घालीतही नाही. आपल्या वैवाहिक आयुष्याच्या वर्षांकडे तिला तसेच बसावे लागते. त्याने दिलेली वचने खोटी होती. ते खडे बाजूला. पण मुलाच्या तापात दोघांनी मिळून काढलेली रात्र खरी होती. तिने केलेला स्वयंपाक खरा होता, तिने लावलेली माया खरी होती, कारण ती तिची होती. ज्याच्यावर ती माया केली तो मनुष्य तिला समजला होता तसा नव्हता, म्हणून तिची माया खोटी ठरत नाही. आपल्या भूतकाळातील काय आपले, याचा निवाडा स्वतः करण्याचा अधिकार जिला परत मिळाला, ती सावरली. मग ती त्याच घरात वेगळ्या नात्याने राहो, दुसरे लग्न करो, की एकटी राहो. तो तपशील आहे.

या दृष्टीने पाहिले म्हणजे ‘थांग’ या नावाचा एक अधिक खोल अर्थ दिसू लागतो. पतीच्या मनाचा थांग लागणे हा कथेचा पूर्वार्ध. तो लागला नाही तरी चालेल. कदाचित त्यालाही तो पुरता लागलेला नसेल. ज्याचा थांग लागलाच पाहिजे असे मन दुसरे आहे, आणि ते त्या स्त्रीचे स्वतःचे. पालेकर आणि गोखले यांनी त्या पाण्याच्या काठापर्यंत आपल्याला नेले, याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. त्यापुढे उतरणारे कुणीतरी हवे आहे.

पाटसच्या त्या बाईंना त्या दिवशी मी काहीबाही उत्तर देऊन वेळ मारून नेली. “चित्रपट तेथेच संपतो, ताई,” असे मी म्हटल्याचे आठवते. त्यांनी मान हलविली आणि रिकामा पेला ठेवावयास त्या आत गेल्या. ती दुसरी, तरुण स्त्री मात्र दाराशी थोडा वेळ तशीच उभी होती. तिला काही विचारावयाचे होते की सांगावयाचे होते, हे मला कळले नाही, आणि विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. पुन्हा त्या बाजूस जाण्याचा योग आला आणि कुणी तोच प्रश्न केला, तर ‘हे पुस्तक वाचा’ असे सांगता यावे, एवढीच माझी इच्छा आहे. ते पुस्तक अद्याप मराठीत यावयाचे आहे.